दिवा पूर्ण वाढवा

११ जानेवारी २०२६, रविवार

जुन्या वहीची पानं गोदामातल्या भांडणांनी भरली. ही नवी वही फक्त टाकीसाठी ठेवणार आहे.

आज सीवूड्सला पार्थच्या दुकानात गेलो. पार्थ मासे विकतो, पाण्यातली झाडं विकतो आणि लोकांच्या घरी झाडांच्या टाक्या लावून देतो. दाराच्या काचेवर कागद होता, 'मदतनिस पाहिजे'. आत जाऊन आधी सांगितलं की 'मदतनीस'मधला नी दीर्घ आहे.

त्याने वर पाहिलं. "मास्तर आहेस का?"

"नाही. द्रोणागिरीला गोदामात लेबलं तपासतो. हे काम मला करायचं आहे."

शिक्षण विचारलं. दहावीला गणित आणि विज्ञान राहिलं, मराठीत शहाऐंशी होते, असं सांगितलं. मराठीचे गुण त्याने ऐकलेच नाहीत. फळीवरून एक खोकं काढून समोर आपटलं. "दोन फुटी टाकीला हा लाइट चालेल का? वाच आणि सांग."

खोक्यावर ६५००के लिहिलं होतं. गोदामात के म्हणजे हजार. म्हटलं, "पासष्ट लाख? एवढा कशाला लागेल?"

दुकानात एक बाई उभी होती, तीसुद्धा हसली.

"केल्विन रे, केल्विन! उजेडाचा रंग. नववीत असतं."

"मी दहावीत राहिलो, नववीत नाही."

त्यावर तर त्याला खुर्चीला धरावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाला, "ऐक. तुझी तू टाकी लाव. लाइट, फिल्टर, माती, सगळं तू निवड. तळाला मॉन्टे कार्लो लाव. ती बारीक पानांची वेल, तिचा गालिचा व्हायला हवा. पंधरा मार्चला मी स्वतः उलव्याला तुझ्या घरी येऊन बघतो. जमलं तर गोदाम सोड. नाही जमलं तर परत माझ्या दारावरचे कागद वाचायला येऊ नकोस."

कागद तसाच होता. निघताना मी पेनने नी दीर्घ केला.

१५ जानेवारी, गुरुवार

चार दिवस फक्त लाइट निवडण्यात गेले. साधा पांढरा घेतला तर झाडं जगतील पण गालिचा होईल का, शंका वाटते. जास्त तेज घेतला तर शेवाळ होईल. शेवटी दोन फुटी, पांढऱ्यात लाल-निळे दाणे असलेला घेतला. त्याच्या वायरवर गोल बटण आहे. डावीकडे शून्य, उजवीकडे पूर्ण. सुरुवातीला निम्म्याच्या खाली ठेवायचा आणि मुळं धरली की वर न्यायचा.

फिल्टर काचेवर टांगायचा घेतला. हीटर घेतला नाही, उलव्यात पाणी कुठे गार होतं? झाडांना गॅस देणारा सिलिंडर सगळे घेतात, पण घरात सिलिंडर म्हटल्यावर आजींनी सोसायटी गोळा केली असती. गॅस नाही म्हणजे सगळी भिस्त लाइटवर. हे मला बरोबर कळलं आहे की नाही, कोणाला विचारू? पार्थला विचारलं तर पुन्हा हसेल.

आजी म्हणजे प्रेमला आजी. वय चौऱ्याहत्तर, देवगडकडच्या. त्यांच्या आतल्या खोलीत मी भाड्याने राहतो. मुलगा श्यामसुंदर पुण्यात असतात. घरात कोणीतरी असावं म्हणून त्यांनीच मला ठेवलं, आजींना न विचारता. पहिल्या दिवशी आजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, माझ्या खोलीतली बुद्धाची तसबीर पाहिली आणि "असं होय" म्हणाल्या. ते 'असं होय' मी विसरलेलो नाही.

माझ्या खोलीत कॉट आणि कपाट ठेवलं की जागा संपते. टाकी हॉलमध्येच ठेवावी लागणार. श्यामसुंदरांनी फोनवर परवानगी दिली. आजी दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

टाकी लावली. माती, वर एक लाकूड आणि सहासष्ट चिमट्या मॉन्टे कार्लो. सकाळी नऊपासून पाठ मोडेपर्यंत. रोपं पाण्यावर सुटून आली की पुन्हा खाली खोवायची. विमानतळ सुरू झाल्यापासून विमान कमी उंचीवरून गेलं की पाण्यावर बारीक सुरकुती उठते. ती मोजत बसलो होतो, हे चूक आहे. त्या वेळात दोन रोपं सुटली.

संध्याकाळी लाइट लावला. आजींचा देव्हारा समोरच्या भिंतीला आहे. त्यांनी समई लावली, हात जोडले, वळल्या आणि डोळ्यांवर पदर घेतला.

"अगो बाई! दशावताराचा खेळ आहे की काय घरात?"

"झाडांचा लाइट आहे, आजी."

"झाडांना सूर्य असतो. माझी समई दिसेनाशी केलीस मेल्या."

फिल्टरवरूनही तक्रार. नळ उघडा राहिल्यासारखं वाटतं आणि जीव खालीवर होतो म्हणे. पाण्याची पातळी दोन बोटं वाढवली, आवाज कमी झाला. आभार वगैरे काही नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

लिफ्टजवळ सोसायटीची सूचना लागली आहे: 'नवीन लिफ्टचे उद्धाटन श्रीफळ वाढवून करण्यात येईल'. 'उद्धाटन'! घ कुठे गेला? वडील परभणीला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एक वेलांटी चुकली की पाटी पुन्हा फुकट रंगवावी लागायची, आणि तेवढ्या दिवसांत त्यांचा हात माझ्या पाठीवर चालायचा. चुकलेला शब्द मला दिसतोच. पेनने 'उद्घाटन' केलं. बाकीची सूचना दोनदा वाचली, दुसरी चूक सापडली नाही.

सेक्रेटरींनी कॅमेऱ्यात पाहिलं असावं. संध्याकाळी आजींना येऊन सांगून गेले की तुमच्या भाडेकरूला आवरा.

"लोकांच्या चुका काढायला पेन खिशात घेऊनच फिरतो हा," आजी म्हणाल्या. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

टाकी: सहासष्टपैकी एकसष्ट चिमट्या तग धरून आहेत. नवीन पानं हिरवी, टाचणीच्या डोक्याएवढी.

२ फेब्रुवारी, सोमवार

मोजणीसाठी भिवंडीच्या गोदामात अकरा दिवस जायचं आहे, राहणं तिथेच. मी टाकीचं सांगितलं तर सुपरवायझर कोंडिबा सगळ्यांसमोर म्हणाला, "पेन्सिलचे मासे बाळंत होणार आहेत, सुट्टी द्या." टाकीत मासे नाहीत, हे सांगून काय उपयोग? गोदामात माझं नाव पेन्सिल आहे.

लाइट टायमरवर लावला, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. बटण निम्म्याच्या खाली आहे. गुरुवारी ते पूर्ण उजवीकडे न्यायचं. ते आजींनाच सांगावं लागणार, दुसरं कोण आहे? बटण कुठे आहे ते दाखवून ठेवलं. त्यांनी चष्मा न लावताच "बघितलं" म्हटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार. भिवंडी.

दुपारी आजींना फोन केला. त्यांचा फोन बटणांचा आहे, फोटो मागवता येत नाही. म्हटलं, "आजी, ते गोल बटण फिरवून टाकीचा दिवा वाढवा."

"आत्ता? भर दुपारी?"

"हो, आत्ताच. पूर्ण वाढवा."

"पूर्णच वाढवतात रे. अर्धा कसा वाढेल?"

मुद्दाम वाकडं बोलायची सवय आहे. पण उठल्या, फोन हातात घेऊनच गेल्या. "हा वाढवला. झालं?" आवाजात चक्क आनंद होता. मला हे आवडलं नाही. ज्या लाइटवरून तीन आठवडे डोकं खाल्लं, तो पूर्ण केल्यावर आनंद कसा?

८ फेब्रुवारी, रविवार

"दिवा वाढवलेलाच आहे ना?"

"वाढवलाय रे बाबा. आजपण, कालपण. हात लावला नाही."

"त्रास नाही ना होत?"

"त्रास कसला? आता कुठे डोळ्यांना थंडावा वाटतोय. समई पण छान दिसते."

पूर्ण उजेडात समई छान दिसते! मला चिडवण्यासाठी उलटं बोलतात. मी चिडलो नाही. धन्यवाद म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांनी चिडलो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अक्षर खराब येईल.

चार वाजता घरी पोचलो. टाकी काळी. टायमर टकटक चालू, फिल्टर चालू आणि दिवा बंद. बटण डावीकडे, शून्यावर. टॉर्च मारला. गालिचा नाही. पिवळा, बुळबुळीत लगदा. बोट लावलं की पान बोटाला चिकटून येतं. लाकडाखाली आठ-नऊ चिमट्यांना थोडा हिरवा रंग उरला आहे.

आजी वाती वळत बसल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"तुम्ही वाढवला म्हणालात!"

"मग वाढवलाच की."

"हा वाढवला? याला वाढवणं म्हणतात?"

"मग कशाला म्हणतात? तू सांगितलंस, मी केलं. पूर्ण वाढव म्हणालास, पूर्ण वाढवला!"

तोंडावर. डोळ्यांत डोळे घालून. मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलता, पहिल्या दिवसापासून तुम्हाला ही टाकी नको होती, मी नको होतो. त्या उठून देव्हाऱ्यापुढे गेल्या. "ह्या दिव्यासमोर सांगते, मी दिवा वाढवला. खोटं असेल तर माझे डोळे जातील." मग वळून म्हणाल्या, "महिनाअखेर खोली रिकामी कर."

देवाची खोटी शपथ घेणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पार्थला लगद्याचा फोटो दाखवला. "उजेड नाही मिळाला याला," लगेच म्हणाला. काय झालं ते सांगितलं. "म्हातारीवर ढकलू नकोस. कस्टमरच्या घरीपण म्हाताऱ्या असतात. तुला सांगता आलं नाही, हे तुझं. तारीख तीच."

नवीन चिमट्या आणल्या. उरलेल्या आठ तशाच ठेवल्या. खरं सांगायचं तर चार आठवड्यांत गालिचा होत नाही. पण गोदामात आयुष्य काढायचं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

श्यामसुंदरांचा फोन आला. "आईचं वय झालंय, तिचं मनावर घेऊ नका, पण तिला खोटारडी पण म्हणू नका." मी म्हटलं, त्यांनी मला मेल्या म्हटलेलं चालतं? ते म्हणाले, ते तर ती मलापण म्हणते.

आजी बोलत नाहीत. निरोप देव्हाऱ्याला देतात. "देवा, काही लोक बाथरूमचा दिवा तसाच ठेवून जातात." मी फ्रिजवर कागद लावला: 'टाकीच्या कुठल्याही बटणाला हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी कागद होता, त्यावर त्यांनी दुधाचा हिशेब लिहिला होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सात वाजता वीज गेली. थोड्या वेळाने आतल्या दारावर टकटक. अकरा दिवसांनी पहिलं वाक्य: "तुम्ही वंदनेला लावता ती मेणबत्ती असेल तर दे. समईत तेल नाही."

मेणबत्ती हॉलमध्ये टेबलावर लावली. आत जाऊन अंधारात बसणं बरं दिसेना, म्हणून तिथेच उभा राहिलो. फिल्टर थांबल्यामुळे घर एकदम गप्प.

"नळ बंद झाल्यासारखं वाटतं," आजी म्हणाल्या.

पावणेआठला वीज आली. आजी म्हणाल्या, "आली. मेणबत्ती वाढव आता."

मला कळेना. वीज आल्यावर जास्त कशाला? पण पुन्हा भांडण नको, म्हणून पाकिटातली दुसरी मेणबत्ती काढली आणि पहिलीवर धरली.

"दुसरी कशाला लावतोस? वाढव म्हटलं ना!" असं म्हणून त्या पुढे वाकल्या आणि दोन बोटांनी वात चिमटून टाकली. धूर आला. "अशी."

मी दुसरी मेणबत्ती टेबलावर ठेवली.

"आजी, याला वाढवणं म्हणतात?"

"मग काय म्हणू? विझवणं? आमच्या घरात विझला फक्त माणूस गेल्यावर म्हणतात. दिवा वाढवायचा, बांगडी वाढवायची, नारळ वाढवायचा. तुमच्याकडे नसेल."

मी टाकीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"म्हणजे तू तेव्हा काय सांगत होतास मला?"

"जास्त करा, असं."

त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, रडतील. नाही. "मग मोठा कर म्हणायचं! दिवा मोठा कर! सगळ्या बिल्डिंगच्या चुका काढत फिरतोस आणि साधं मराठी येत नाही तुला? शपथ घ्यायला लावलीस मला!"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "टायमर पाऊण तास मागे पडला असेल," एवढंच बोललो आणि तो लावायला गेलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत बक्षीस मिळालेला शब्दकोश काढला. 'वाढवणे' या शब्दात नारळ आणि बांगडी दिली आहे. दिवा नाही. समासात पेनने लिहिला.

खाली लिफ्टजवळ ती सूचना अजून आहे. 'श्रीफळ वाढवून'. त्याच ओळीत मी घ दुरुस्त केला होता.

माफी मागितली नाही. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा आजी म्हणाल्या, "काय हवंय? नाहीतर वाटेतून हो."

१ मार्च, रविवार

महिना संपला. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

वीज गेली की टायमर मागे पडतो, त्यामुळे तो काढून टाकला. मी साडेसातला निघतो. दहा वाजता दिवा लावायला आणि सहाला घालवायला घरात आजीच आहेत. त्यांना सांगितलं. "आता विश्वास आहे वाटतं," म्हणाल्या.

बटणाला पट्टी करायचं ठरवलं. गोदामात दिवसाला हजार लेबलं बघतो, पण या दोन शब्दांना अख्खी दुपार गेली. 'चालू-बंद' लिहिलं तर आजी म्हणतात, बंद काय, दार आहे का ते? 'कमी-जास्त' लिहिलं तर म्हणतात, हे मीठ आहे का? शेवटी उजव्या टोकाला लिहिलं 'मोठा', डाव्या टोकाला 'वाढवा'. चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं, काळ्या शाईत, वर पारदर्शक चिकटपट्टी.

आजींनी लांबून वाचलं. "अक्षर बरं आहे," म्हणाल्या. "माणूस तेवढा नाही."

१५ मार्च, रविवार

पार्थ अकरा वाजता आला. बुटांसकट आत येत होता, आजींनी बूट काढायला दारात परत पाठवला.

गुडघ्यांवर बसून त्याने टाकी पाहिली. गालिचा तळाच्या निम्म्याहून थोड्या जास्त भागावर आहे. जुन्या आठ चिमट्या सगळ्यात दाट. शेवाळ मागच्या कोपऱ्यात चार बोटं.

"वाढ चांगली आहे," तो म्हणाला. "कडक आहे, मान्य. लाइट बरोबर निवडलास. पूर्ण भरला नाहीये, पण चालेल."

'चालेल' म्हणाला. मी ऐकलं. चूक नाही.

मग त्याने बटण पाहिलं.

"हे काय लिहिलंय? झिरोला 'वाढवा'? उलटी लावलीस पट्टी."

"बरोबर आहे ती."

"अरे झिरोवर वाढवा? कुठल्या अडाण्याने लिहिलंय हे?"

आजी मागे सोफ्यावर वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला न बघता कळला. एक वाक्य पुरेसं होतं. म्हटलं असतं की आजींच्याकडे असं बोलतात, आणि फेब्रुवारीत त्यामुळेच सगळं मेलं. मग तो हसला असता. पासष्ट लाखाला हसला होता तसा, खुर्चीला धरून. आणि ही गोष्ट त्याने दुकानात येईल त्या माणसाला सांगितली असती.

"मी लिहिलंय," म्हटलं. "शुद्धलेखन तपासलेलं आहे."

"शुद्धलेखन घाल चुलीत. कस्टमरकडे असं काही लावलंस तर माझी वाट लागेल. काढ ती पट्टी, आत्ता, माझ्यासमोर."

"तुमच्या कस्टमरकडे तुम्ही सांगाल तसं लिहीन. इथली राहू दे."

त्याने पट्टी पुन्हा वाचली. मग उठला, गुडघे झटकले. "दहावीत का राहिलास ते आता कळलं."

"पाणी घेणार का?" आजींनी विचारलं.

नको म्हणाला. दारात बूट घालताना म्हणाला, "बघू. कळवतो. चल, येतो." आणि गेला.

मी 'कळवतो' आणि 'येतो' हे दोन शब्द वहीत आधी लिहून पाहिले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक कुठेच नाही.

उद्या साडेसातला द्रोणागिरीची बस.

आजींनी दुपारभर काही विचारलं नाही. भात वाढताना दोनदा विचारलं, अजून हवा का, एवढंच. सहा वाजता मी हॉलमध्येच होतो, बटणापासून दोन हातांवर. तरी म्हटलं, "आजी, सहा वाजले. दिवा वाढवा."

त्या उठल्या, चष्मा लावला, पट्टीवर बोट ठेवलं.

"वाचता येतं मला," म्हणाल्या, आणि बटण डावीकडे फिरवलं.